दगडावरचा सॅम

सेज फोर्कच्या दफनभूमीत एक दगड होता. एकोणीसशे सतरा सालच्या कोळसाखाणीतल्या स्फोटात गेलेल्या छत्तीस जणांची नावं त्यावर कोरलेली होती, आणि त्यातलं तेविसावं नाव सॅम राउतालाहती. या नावाचा माणूस गावात कधी जन्मलाच नाही, तर मेला कुठून? वायोमिंगच्या त्या खाणीवरच्या प्रत्येक फिन्निश घराला हे ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं सगळे मूग गिळून बसले, आणि सगळ्यांत जास्त साइमी.

घोटाळ्याची सुरुवात तिच्या बापाने केली. विह्तोरी राउतालाहती खाणीवर लागला तेव्हा साइमी सहा आठवड्यांची होती. कंपनीचं घर हवं तर घरात कोण कोण ते कचेरीत सांगावं लागे. आता फिन्निश भाषेत 'तो' नाही आणि 'ती'ही नाही. राजा असो, सासू असो, सगळ्यांना एकच शब्द: हॅन. त्यामुळे नवा आलेला फिन्निश माणूस इंग्रजी बोलायला लागला की बायकोलाही 'तो' म्हणतो. विह्तोरीने खिडकीतून सांगितलं, "एक साइमी आहे. तो सहा आठवड्यांचा. तो फार रडतो." आतल्या प्रिचर्ड कारकुनाने ऐकलं सॅमी, लिहिलं सॅम्युअल, मुलगा. झाला ध चा मा.

साइमी शाळेत जाऊन इंग्रजी वाचायला शिकली तेव्हा घराच्या कागदावर तिने हे पाहिलं. विह्तोरी इतका हसला की बशीतली कॉफी मांडीवर सांडली. "असू दे," म्हणाला, "कागदाची कुठे वेणी घालायचीय?"

ती सोळा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात खाणीचं छत कोसळून विह्तोरी गेला. घरातला एक पुरुष खाणीत असेल तरच कंपनीचं घर, असा नियम होता. साइमीची आई एलीना हिला पंधरा दिवसांत घर सोडायला सांगितलं. भिंतींचं तिला काही नव्हतं. पण मागच्या अंगणात विह्तोरीने खाणीतल्या जुन्या लाकडांची साउना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, बांधली होती. गावातल्या फिन्निश बायकांची बाळंतपणं एलीना तिथेच करायची, आणि विह्तोरीला शेवटची आंघोळही तिने तिथेच घातली होती. ती जागा सोडायला ती तयार नव्हती.

मायलेकी कचेरीत गेल्या. एलीनाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून बोलायला साइमी. प्रिचर्डची कामगारांशी ओळख नंबरापुरती. साइमीला तो शेजारची कुणी मुलगी समजला. त्याने जाडजूड वही उघडली आणि विचारलं, "तुमचा सॅम सोळाचा झाला की. धडधाकट आहे ना?"

एलीनाला त्यातलं 'सॅम' तेवढं कळलं, आणि तिला ते साइमी वाटलं. लेकीला कुठे धुण्याभांड्याचं काम देताहेत, असं समजून तिने आपल्या भाषेत सांगितलं, "हॅनच्या अंगात बैलाचं बळ आहे. उद्यापासून कामाला लावा, मागे नाही हटणार."

बाई खरंच बोलली होती. आता ते इंग्रजीत सांगायचं होतं, आणि इंग्रजीत 'तो' किंवा 'ती', काहीतरी एक म्हणावंच लागतं. साइमीने क्षणभर वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याची आई म्हणते, तो तगडा आहे. सोमवारी येईल."

परतताना एलीनाने विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"तू म्हणालीस तेच."

"मी तुझ्याबद्दल म्हणाले."

"मीपण."

सगळं ऐकल्यावर एलीना रस्त्यातच थांबली. बापाने तुला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, म्हणाली. "बापानेच नोंदवलंय मला, आई," साइमीने उत्तर दिलं. यावर एलीना तरातरा पुढे निघून गेली.

पण सोमवार तर तोंडावर आला होता. वाट काढली खानावळवाल्या हुल्डामावशीने. तिच्या माळ्यावर आपेली हिएतिक्को नावाचा एक वीस वर्षांचा पोरगा लपून राहत होता. मिशिगनच्या तांब्याच्या खाणींतल्या संपात तो पुढे होता, त्यामुळे त्याचं नाव काळ्या यादीत चढलेलं आणि कुठलीच खाण त्याला घेईना. घराला माणूस हवा होता, माणसाला नाव हवं होतं. मावशीने त्याला एलीनाच्या दारात उभं केलं आणि म्हणाली, "पोरगा हवाय ना तुला? हा घे. दात आलेला, चालता-बोलता. बाळंतपणाचाही त्रास नाही."

आपेली दोन वर्षं सॅम म्हणून खाणीत उतरला. मुकादमाला माहीत होतं, पण कोळसा भरपूर निघत असल्यामुळे त्याने डोळेझाक केली. शनिवारी साउनेत पुरुष त्याची टोपी उडवायचे, "सॅम, वेणी कुठे विसरलास?" तो साउनेच्याच बाहेरच्या खोलीत निजायचा, एलीनाला लाकडं फोडून द्यायचा, आणि कॉफी पिताना साइमीच्या वाटणीचा साखरेचा खडा पळवायचा. साइमीचं त्याच्यावर प्रेम बसलं, त्याचंही तिच्यावर. लग्न कसं करायचं, हा प्रश्न होता. "नोंदीत काय लिहितील?" तो म्हणायचा, "सॅमचं सॅमशी लागलं?" शेवटी त्यांनी ठरवलं की थंडी पडायच्या आत मिनेसोटाला जायचं, जमिनीचा तुकडा घ्यायचा आणि खऱ्या नावांनी लग्न करायचं. एलीनाला अजून सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये दिवसपाळीला खाणीत स्फोट झाला. माणसं ओळखू येत नव्हती. कमरेच्या पितळी बिल्ल्यांचे नंबर पाहायचे, वहीतली नावं काढायची, असं चाललं होतं. प्रिचर्डने यादी वाचली. सॅम राउतालाहती म्हटल्यावर तिथल्या सगळ्या फिन्निश बायकांनी साइमीकडे पाहिलं. तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललं तर मावशीवर आलं असतं, मुकादमाची नोकरी गेली असती, घर गेलं असतं. ती गप्प राहिली. घर तसंही ऑक्टोबरात गेलंच, आणि पुढच्या भाडेकरूने साउनेत कोंबड्या पाळल्या.

आपेलीच्या आईला फिनलंडात, इल्मायोकीला, साइमीनेच पत्र लिहिलं. त्या बाईचं उत्तर आलं ते चार ओळींचं. लेकाच्या थडग्याच्या दगडाचा फोटो पाठव, नाव वाचता येईल असा, एवढंच मागणं होतं. साइमीने फोटो पाठवला नाही. कुठल्या नावाचा पाठवणार? ते पत्र तिने जपून ठेवलं. पुढे तिने एका भल्या सुताराशी लग्न केलं, तिला रूथ झाली, एलीना गेली, खाण बंद पडली, आणि पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं.

एकसष्ट साली थंडीने दगड तडकला. गावाने नवा बसवायचं ठरवलं. सभेत पोस्टमास्तर अध्यक्ष होते. नावं जुन्या वहीतून जशीच्या तशी घ्यायची, असं ते म्हणाले. साइमी उभी राहिली. तेविसावं नाव चुकलंय, ती म्हणाली. तिथे आपेली हिएतिक्को असं लिहा.

"बाई, वहीत सॅमच आहे," पोस्टमास्तर समजुतीने म्हणाले. "तुमचाच ना भाऊ? तो गेल्याचा दाखला आहे आमच्याकडे."

"मला भाऊ नव्हता. सॅम मी आहे," साइमी म्हणाली. "आणि मेले नाही अजून."

कुणीतरी हसलं, मग ते हसू थांबलं. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आईने 'हॅन' म्हटलं होतं. त्याचं 'तो' मी केलं. आईची त्यात काही चूक नव्हती." मागच्या बाकावरचे दोन म्हातारे फिन्निश खाणकामगार उठले आणि बाई खरं बोलतेय, आम्हाला माहीत होतं, म्हणाले. वहीपेक्षा माणसांचं ऐकावं, असं सभेत ठरलं.

नव्या दगडाचा फोटो साइमीने जुन्याच पत्त्यावर पाठवला. उत्तर आलं ते आपेलीच्या भाचीचं. तिची आजी, म्हणजे आपेलीची आई, एकतीस सालीच गेली होती, आणि शेवटपर्यंत टपालवाल्याला अमेरिकेचं काही आहे का विचारत होती. फोटो आम्ही आजीच्या थडग्यात पुरला, भाचीने लिहिलं होतं, आणि खाली एक वाक्य: हॅनला आता स्वस्थता मिळाली.

साइमी लेकीला पत्र इंग्रजीत वाचून दाखवत होती. त्या वाक्यापाशी ती अडली.

"कुणाला मिळाली, आई?" रूथने विचारलं. "त्याला की तिला?"

"हॅन लिहिलंय," साइमी म्हणाली. "या वेळी मी तसंच ठेवणार."

मग ती रडली. रूथने आईला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.