खड्यांचं पथ्य

"खडे म्हटलंय ना, मग खडेच राहू दे," हृषीकेश म्हणाला आणि पंख्याचं बटण उगाचच बंद करून पुन्हा चालू केलं.

"अहो, पण त्या खड्यांपायी आई रोज कुळथीचं पाणी पितायत," क्षमा म्हणाली. "नाक दाबून. पेलाभर."

"पिऊ दे. कुळथीनं कुणी मरत नाही."

बोलून झाल्यावर त्यानं पुन्हा बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मेजावरच्या फोनमधून त्याचा धाकटा भाऊ सुजय पुण्याहून बोलला, "वहिनी, तुम्ही लायब्ररी सांभाळता, दवाखाना नाही. आईला काही सांगायचं नाही, हे आम्हा दोघांचं ठरलंय." मुग्धा, क्षमाची मुलगी, दाराला टेकून उभी होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण कळवळली की तिच्या तोंडी हिंदीच यायची. "मम्मी, आजी को पता चला तो वो टूट जाएगी."

"आजी कशानं तुटते ते तू अजून बघितलेलं नाहीस," क्षमा म्हणाली.

क्षमाच्या सासूबाई, इंदुमतीबाई, शेजारी मिश्राइनकडे सत्यनारायणाला गेल्या होत्या, म्हणून हे भांडण एवढ्या मोठ्यानं चाललं होतं. एरवी झाशीतल्या या मराठी घरात बाहेरच्या माणसापासून काही लपवायचं तर मराठीत बोलायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घरातल्याच माणसापासून लपवायचं तर कुठल्या भाषेत बोलायचं, याची मात्र काही सोय नव्हती.

झालं होतं ते एवढंच. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी तपासण्या पाहून हृषीकेशला बाजूला घेतलं. स्वादुपिंडात गाठ आहे, पसरलेली आहे, या वयात चिरफाड करून त्रासच वाढेल, काही महिने हातात आहेत, असं त्यांनी सांगितलं. येताना गाडीत आईनं विचारलं, काय म्हणाले? हृषीकेशच्या तोंडून निघून गेलं, "पित्ताशयात खडे आहेत." आणि इंदुमतीबाई म्हणजे कुठलीही गोष्ट अर्धवट न करणारी बाई. घरी आल्या त्या दिवसापासून त्यांनी खड्यांचं पथ्य धरलं. तळण बंद, मिरची बंद, उडीद बंद. ओरछा गेटजवळच्या गाडीवरचे मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, त्या पन्नास वर्षं खात आल्या होत्या. मुग्धानं आणलेला पुडा त्यांनी तसाच परत केला. लक्ष्मी गेटच्या गल्लीतली प्रत्येक बाई खड्यांवर एकेक उपाय सांगून गेली आणि त्यांनी सगळे केले. पाण्यासारखी खिचडी खाताना म्हणायच्या, "खडे विरघळू देत एकदा, मग बघा कशी हादडते."



भांडणाच्या दुसऱ्या दिवशी क्षमा कामावर गेली ती मनाशी एक ठरवूनच. मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत तिची तीस वर्षं होत आली होती. बीनाच्या रेल्वे क्वार्टरमधून लग्न होऊन झाशीला आली तेव्हा ती नुसती बी.ए. होती. लायब्ररीचा कोर्स करायचं तिनं भीत भीत काढलं, तेव्हा सासरे रामकृष्णराव काही बोलायच्या आधी इंदुमतीबाई म्हणाल्या होत्या, "तू जा. पोरगी मी बघते." त्यांनी नुसती पोरगी बघितली नाही. शनिवारी मुग्धाला कडेवर आणि डबा हातात घेऊन त्या टेम्पोनं लायब्ररीत यायच्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. लाकडी कपाटांत कार्डांचे अरुंद खण, आणि जगभरच्या वैद्यकीय लेखांच्या सूचीचे विटांसारखे जाड खंड. एखाद्या डॉक्टरला परदेशातला लेख हवा असला की लेखकालाच मागणीचं छापील कार्ड पाठवायचं. दीड-दोन महिन्यांनी लिफाफा यायचा, त्याला वेगळाच वास असायचा. त्यावरची तिकिटं मुग्धासाठी, असं इंदुमतीबाईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. एकदा त्यांनी स्वतःच खण ओढून गुडघेदुखीची कार्डं काढायला लावली. क्षमानं गठ्ठा समोर ठेवला. "एवढी कार्डं," त्या म्हणाल्या, "आणि तेल कुठलं लावायचं ते एकातही नाही." सारी लायब्ररी हसली होती. तेव्हाचे ग्रंथपाल सुभाषचंद्रजी तर खुर्ची सरकवून उठले आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

आता त्या खणांच्या जागी दहा कॉम्प्युटर होते. क्षमानं मेडिकल एथिक्सचा डेटाबेस उघडला आणि चौकटीत इंग्रजीत शब्द टाकले: रोग्याला सत्य सांगणे, कर्करोग, म्हातारपण. लेखांची रीघ लागली. तिला हवं तेच सगळे म्हणत होते. शरीर रोग्याचं आहे, माहिती त्याची आहे, घरच्यांना ती अडवायचा हक्क नाही. तिनं त्यातले चार छापून घेतले. हे हृषीकेशपुढे टाकायचे आणि सुजयलाही पाठवायचे. लायब्ररी सांभाळते म्हणे.

पानं अजून गरम होती, तेवढ्यात एम.डी. करणारी आभा शेजारी येऊन बसली. तिलाही असाच काही विषय शोधायचा होता. "मॅडमजी, इसके ख़िलाफ़ वाले भी निकाल दीजिए ना," ती म्हणाली. "नहीं तो गाइड भगा देंगे."

क्षमाला आपली शरम वाटली. कुणाही विद्यार्थ्यानं एकाच बाजूचे लेख नेले तर तिनंच त्याला परत पाठवलं असतं. तिनं शब्द बदलले आणि दुसरी बाजूही छापून काढली. तीही काही लहान नव्हती. कुटुंब हाच आधार असलेल्या समाजात माणसं आपण होऊन निर्णय घरच्यांवर सोपवतात, असं कुणी लिहिलं होतं. रोगाचं नाव ऐकून दुसऱ्या दिवसापासून अन्न सोडलेल्या एका म्हातारीबद्दल एका डॉक्टरनं लिहिलं होतं. ते वाचताना क्षमाला पंख्याच्या बटणाशी उभा असलेला हृषीकेश दिसला. त्याला काय वाटत असेल, याचा विचार तिनं पहिल्यांदाच केला.

आभा आपल्या प्रती घेऊन गेली. समोर दोन गठ्ठे होते, आणि आता ती आदल्या दिवसापेक्षाही गोंधळलेली होती. अशा वेळी सुभाषचंद्रजींकडे जायची सोय असायची. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुणीही काही शोधायला आलं की त्यांचा पहिला सवाल असायचा, "पहले ये बताइए, सवाल किसका है?" एकाच आजाराबद्दल डॉक्टर वेगळं विचारतो, परीक्षेचा मुलगा वेगळं, नर्स वेगळं; विचारणारा कोण ते कळलं नाही तर चुकीचा खण उघडतो, असं ते म्हणत.

क्षमानं आपले शब्द पुन्हा वाचले. सगळे प्रश्न सांगणाऱ्यांचे होते. सांगावं का, कधी सांगावं, कुणी सांगावं. तिनं ते पुसले आणि रोग्याच्या बाजूनं लिहिलं: किती जाणून घ्यायचं आहे. या वेळी लेख थोडेच आले. त्यातला एक कुठल्याशा लहान रुग्णालयातल्या नर्सनं लिहिलेला होता, जेमतेम तीन पानांचा. त्यात लिहिलं होतं की सांगण्याआधी रोग्यालाच विचारावं: तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला कितपत माहिती हवी आहे, की त्याबद्दल आम्ही घरच्यांशीच बोलावं? उत्तर काहीही येवो, ते मानावं. बस, एवढंच.

क्षमाला मामंजी आठवले. रामकृष्णराव मालधक्क्यावर क्लार्क होते, पहिली नेमणूक मऊरानीपूरला. अखेरच्या आजारात त्यांना तिथल्या नदीकाठाचा ध्यास लागला होता. घरात त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळे हसतमुखानं खोलीत जायचे आणि म्हणायचे, बरे झालात की जाऊ. एका संध्याकाळी पाय चेपून घेताना त्यांनी क्षमालाच विचारलं होतं, "सूनबाई, गाडी किती वाजता असते आता तिकडची?" ती म्हणाली, बघून सांगते. तिनं बघितलंही. पण सांगायला गेली तेव्हा ते झोपले होते, आणि पुढे ते बोलणं राहूनच गेलं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे आजवर कुणाला माहीत नाही. कारण कुणी विचारलंच नाही.

दोन्ही गठ्ठे तिनं रद्दीच्या खोक्यात टाकले.

संध्याकाळी इंदुमतीबाई देवळात गेल्यावर तिनं हृषीकेशला आणि मुग्धाला बसवलं, सुजयला फोन लावला. लेखांचं नावही काढलं नाही. हृषीकेशनंच सुरुवात केली. बाबांना कुठे सांगितलं होतं, शांतपणे गेले, तो म्हणाला.

"बाबा मऊरानीपूर मागत होते," क्षमा म्हणाली.

मग हृषीकेश खाली बघत म्हणाला, "मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही गं. एवढंच आहे."

"माहीत आहे मला."

सुजय फोनवरून म्हणाला, की तो पुढच्या महिन्यात येतोय, तोवर तरी थांबावं, मोठ्या डॉक्टरांचं आणखी एक मत घ्यावं, घाई कसली आहे. मुग्धा म्हणाली, आजीला मीच सांभाळीन, पण सांगू नका. क्षमानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मध्ये कुणाचं बोलणं तोडलं नाही. ताटं घ्यायला उठता उठता ती म्हणाली:

"उद्या मी रजा टाकली आहे. सकाळी आईंची पूजा झाली की मी त्यांना विचारणार आहे, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे. त्या म्हणाल्या सगळं, तर सगळं सांगेन. त्या म्हणाल्या नको, तर तुमच्याइतकीच मीही गप्प बसेन. तुम्ही घरात असलात तर बरं होईल. नसलात तरी विचारणार आहे."