वसंताने बिघडवलेला मॉनिटर

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होतो. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू... दुकानात एकटाच बसून माझ्या मॉनिटरच्या रंगांचे आकडे चिठ्ठीवर उतरवत होतो. त्यातला निळा पुन्हा वाढला होता. वसंता आला की चिठ्ठी समोर ठेवून जाब विचारायचा, असं ठरवलं होतं. तो आंघोळीला गेला आणि तिथेच कोसळला होता.

प्रताप नगरात आमचं डिझाइनचं दुकान, सोळा वर्षांची भागीदारी. टेबल एक, मॉनिटर दोन, एकाच दिवशी घेतलेले. काटोलच्या संत्र्यांच्या पेट्यांवरची लेबलं हे आमचं मुख्य काम. वसंता उमरेडच्या विणकर घरातला. रंगाच्या बाबतीत त्याच्यापुढे माझी डाळ शिजायची नाही, आणि ते मला खुपायचं. गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकं म्हणू लागली, तुमचा मॉनिटर निळा दिसतो. मला माझा पांढराशुभ्र दिसायचा आणि त्याचा पिवळट! पण आकडे पाहिले तर बदललेले माझेच. मी ते त्याच्या आकड्यांशी जुळवायचो, दोन दिवसांत पुन्हा तेच.

"माह्या मॉनिटरले हात लावतो का गा?" मी एकदा विचारलं.

"मी कायले लावू? काम पाह्य तुयं, अरुण." मान न वळवता तो म्हणाला.

मान वळवली नाही म्हणजे यानेच केलं, अशी माझी खात्री झाली. मी आकडे जुळवून मॉनिटरला लॉक घातलं. नेमकी त्याच आठवड्यात माझी लेबलं मळकी छापून आली. संत्री शिळी वाटावीत अशी. व्यापाऱ्याने गठ्ठा परत आणून आपटला. वसंताने सगळं नव्याने केलं. मला खाली पाहायला लावायलाच हा घाट, असं मला वाटलं. पुढे लॉकही निघालं, निळा पुन्हा वाढला, आणि मी भागीदारी मोडायचं पक्कं केलं.

तेरवीनंतर राहवलं नाही, वहिनींना विचारलंच, वसंता माझ्या मॉनिटरचे आकडे बदलायचा का?

"भाऊजी, तुमाले पांढरं पिवळं दिसून राहिलं होतं. मंग तुम्ही कामात निळं टाकत होते. तुमचा टीव्हीच निळा केला का तुमचं काम बराबर येते, म्हणत ते."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"त्यायच्या बाबाले डोळ्यापायी मागावरून उठवलं होतं. बाबा मंग कोनाशी बोललेच नाही. अरुणले मी नाही उठवणार, म्हणे."

खरं सांगतो, तेव्हाही मला संशय आला. नवऱ्याची बाजू सावरतात, म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो तो त्यांना खोटं पाडायलाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. त्या डोळ्याने पाहिलं की माझा मॉनिटर निळाशार दिसतो. गिऱ्हाइकं म्हणायची तसाच. दुसरा डोळा अजून तसाच आहे. काम मी वसंताच्या मॉनिटरवर करतो, पण सकाळी दुकान उघडलं की आधी माझा लावतो आणि बरा झालेला डोळा हाताने झाकतो. मॉनिटर पांढराशुभ्र होतो. डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दोनदा दिली... दोन्ही वेळा मी गेलो नाही.