काचेचं बटन आणि नसलेला वाघ

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसणारच तुम्ही! भर दुपारी, गडचिरोली-आरमोरीच्या रस्त्यावर माझी अब्रू गेली हो, तीही चारही इंडिकेटर लावून!

आरमोरीला साळीचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध होतं, आपला साखरपुडा हो. मी थोरला जावई. गडचिरोलीला खरेदीला आलेल्या सासूबाईंना नवरदेवाकडची मंडळी पोचायच्या आत घरी पोचवायचं काम माझ्याकडे. छाप पाडायला म्हणून मित्राची नवीकोरी गाडी मागून आणली. "जमेल ना?" त्यानं विचारलं. मी नुसता हसलो. शेजारी बायको, मागे सासूबाई, निघालो.

जंगल लागलं आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मले मळमळून राह्यलं. काच खाली करा बरं."

करा म्हणे! माझ्या जुन्या गाडीत काचेला फिरवायचं हँडल. इथे दारावर ना हँडल, ना बटन! समोरचं एक बटन दाबलं, वायपर सुरू. दुसरं दाबलं, पाण्याची पिचकारी. तिसरं लाल होतं, ते दाबलं तर चारही इंडिकेटर टिकटिक करायला लागले. म्हटलं, थांबून शांतपणे शोधू.

इथेच घोळ झाला! आमच्याकडे जंगलात चारही इंडिकेटर लावून गाडी उभी, म्हणजे पुढे वाघ. हे शेंबडं पोरही जाणतं. मलाच तेवढं आठवलं नाही.

मागे बस थांबली, ट्रक थांबला, मोटारसायकली थांबल्या. हॉर्न नाही, बोलणं नाही. मला वाटलं, किती समजूतदार लोक! एकानं बंद काचेबाहेरून हातवारे करून विचारलं, कुठे? वाटलं, बिचारा बटन शोधायला मदत करतोय. मी डावीकडच्या दाराकडे बोट दाखवलं. झालं! सगळे डावीकडच्या झुडपात पाहायला लागले. एकाला कान दिसले, दुसऱ्याला शेपटी!

तेवढ्यात मागच्या गाडीतून कडक इस्त्रीतले एक गृहस्थ दबकत आले. बायको ओरडली, "अवो, हे तं नवरदेवाचे बाबा हायेत!"

सासूबाई दचकून पुढे वाकल्या, दोन सीटांच्या मधे हात टेकला आणि सर्रकन काचा खाली! बटनं तिथे होती.

"वाघ किती दूर हाय, भाऊ?" ते कुजबुजले.

"वाघ कायचा जी!" सासूबाई कडाडल्या. "आमचे थोरले जावई हायेत. काचीचं बटन ढुंढून राह्यले!"

साक्षगंध मात्र छान झालं. पाहुणे म्हणाले, हुंडा नको, मानपान नको. एकच अट. लग्नात नवरीची गाडी थोरल्या जावयानं चालवायची नाही.

मी "अहो, पण..." म्हणेपर्यंत सासूबाईंनी सांगूनही टाकलं, "मंजूर हाय जी!"