सुमतीकाकींचं कुलूप

सुमतीकाकी ओव्हन कुलूप म्हणून वापरायच्या. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितोय.

त्यांच्या मुलाने, प्रकाशने, मस्कतहून मोठ्या हौसेने पाठवलेला तो ओव्हन आतली घाण आपली आपण जाळून टाकणारा होता. सफाईचं बटण दाबलं की आधी दाराची कडी आतून बसते. मग आत एवढी आग होते की सांडलेल्या सगळ्याची राख होते आणि निवल्यावर कडी सुटते. काकींनी यातलं फक्त कडीचं मनावर घेतलं. बटण दाबायचं, कडी बसली की तापायच्या आत भिंतीवरचा स्विच बंद करायचा. उघडायचं झालं की स्विच लावून तेच बटण पुन्हा दाबायचं; ही युक्ती त्या घरात फक्त काकींना ठाऊक. झालं कपाट. आत शेव-गुळाच्या खटखट्या लाडवांचा स्टीलचा डबा, आणि बाहेर नाना, म्हणजे काकींचे यजमान, मधुमेही आणि गुळाचे जन्माचे वेडे.

मालवणात माझं फ्रिज-मिक्सर दुरुस्तीचं दुकान काकींच्या घराला लागूनच आहे. असल्या वापराने आणि खाऱ्या हवेने ती कडी वरचेवर अडकायची. मग कुंपणावरून हाक यायची, "झिला, ओव्हन मेलो रे!"

मी वैतागायचो. "काकी, ता बटण साफ करूक आसा, कुलूप घालूक न्हय. कपाटाक साधा कुलूप लाव मां!"

"कपाटाक कुलूप लावलंय तर नानांका वायट वाटात," काकी शांतपणे म्हणायच्या. "ह्यो आपसूक बंद होता. मगे ते माझ्यार कित्याक रागावतीत?"

नाना खरोखरच काकींना सोडून ओव्हनला शिव्या घालत.

दुपारच्या चहाबरोबर नानांना अर्धा लाडू मिळायचा. उरलेला अर्धा त्यांच्या डोळ्यांदेखत परत आत जायचा. "सगळा आजच संपवूचा नाय," काकी सांगायच्या, "माणसाक फाल्याक कायतरी व्हया." फाल्या म्हणजे उद्या. हा नियम त्या माशाच्या कालवणाला लावायच्या, टीव्हीवरच्या मालिकेला लावायच्या, इतकंच काय, भांडणालाही लावायच्या. अर्धं भांडण ठेवून त्या झोपायला जात आणि नाना सकाळी ते उकरून काढत. मला त्या घरात जायला फार आवडायचं.

पुढे नानांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी अर्धा लाडूही बंद केला. तेव्हापासून नानांनी विचारलं की काकी ओव्हनकडे बोट दाखवून म्हणायच्या, "फाल्या." नाना कुरकुरत बिनसाखरेचा चहा प्यायचे.

अशाच एका दुपारी काकींनी बटण दाबलं, कडी बसली आणि स्विचकडे वळताना त्या तिथेच कोसळल्या. नानांनी आणि मी त्यांना रिक्षात घातलं. वाटेतच त्या गेल्या. त्यांना घरी आणलं तेव्हा स्वयंपाकघर भट्टीसारखं तापलं होतं. स्विच चालूच राहिला होता. ओव्हनने आपलं काम केलं होतं आणि त्यात तो स्वतःही बंद पडला होता. दिवा लागेना, दार उघडेना.

तेराव्यानंतर प्रकाश म्हणाला, "बाबा, काच फोडून टाकूया." नाना खुर्चीतून ताडकन उठले. "हात लावू नको. तिच्या हातचे लाडू आसत तेच्यात." काकी गेल्यापासून ते पेजेखेरीज काही घेत नव्हते. त्यांनी मला बोलावलं. त्या उष्णतेत लाडवांचा कोळसा झाला असणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी हत्यारांची पिशवी उचलली.

मी वीज तोडली, ओव्हन भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा काढला. उष्णता हाताबाहेर गेली की आतला एक छोटा फ्यूज तुटतो. मीटर लावला, तोच गेला होता. तसाच दुसरा मागवून बसवला, कडीचा गंज घासला. हात आपले चालत होते. मला रडू येत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. एक स्क्रू घरंगळला होता, तेवढाच शोधत होतो.

पत्रा लावला, वीज जोडली, बटण दाबलं. कडी सुटली.

आत डबा होता, आगीने निळसर पडलेला. नानांनी तो दोन्ही हातांनी बाहेर घेतला आणि झाकण उघडलं. कोळसा नव्हता. राख नव्हती. गुळाचा एक डागसुद्धा नव्हता. त्यांनी डबा उलटा करून पाहिला. मग त्याच्या तळावरून बोट फिरवलं.

"फसयलंस गो माका," ते म्हणाले.

प्रकाश दाराशी उभा होता. नानांनी झाकण नीट बसवलं, डबा पुन्हा जाळीवर ठेवला आणि ओव्हनचं दार लोटलं.

"बंद कर रे."

"नाना, आत काय नाय."

"माका दिसला ता," नाना म्हणाले. "फाल्याक व्हया."

मी सफाईचं बटण दाबलं. कडी बसली. मग भिंतीवरचा स्विच आठवणीने बंद केला.