कारण नोंदलेले नाही

पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरला कथा कळत नसे असं कुणी म्हणत असेल, तर ते साफ खोटं आहे. सव्वीस वर्षं ती माणसांच्या कथाच ऐकत होती, त्याही अर्ध्यामुर्ध्या, कारण पुढचा भाग डिस्चार्जनंतर पेशंटच्या घरी घडायचा. तिचं घोडं अडत होतं ते लिहिण्यापाशी.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मेट्रनबाईंनी तिच्या अंगात एक शिस्त भिनवली होती. जे पाहिलं तेच लिहायचं. ‘पेशंट झोपला आहे’ असं लिहायचं नाही. तो झोपलाय की नुसता पडलाय, हे तुला काय ठाऊक? ‘डोळे मिटलेले, श्वास संथ’ एवढंच लिहायचं. आणि चुकलं तर गिरवायचं नाही, खोडायचं नाही. एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि वेळ. म्हणून तर मोठे डॉक्टरही सिस्टरच्या नोंदींवर डोळे झाकून विश्वास ठेवत.

मग हॉस्पिटलने फतवा काढला की वॉर्ड इन्चार्ज व्हायचं असेल तर पदवी हवी. इन्चार्जला फक्त दिवसपाळी असते आणि सिस्टरचे गुडघे आता रात्रभर उभं राहायला तयार नव्हते. तिने नोकरदारांसाठी असलेल्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे पेपर सुटले. ‘कथा-कविता परिचय’ मात्र दोनदा राहिला. तिसरी संधी शेवटची होती.

शिकवणाऱ्या मॅडम तिच्या लेकीच्या वयाच्या. पुस्तकात एका विधुर म्हाताऱ्याची कथा होती. तो रोज सकाळी स्वतःच्या कपासमोर बायकोचा रिकामा कप ठेवतो, चहा पितो आणि मग दोन्ही कप धुतो. प्रश्न होता, न वापरलेला कप तो का धुतो? सिस्टरने लिहिलं, ‘दुसरा कप कोरडा व स्वच्छ होता. म्हाताऱ्याने तो धुतला. कारण नोंदलेले नाही.’

मॅडमनी कपाळाला हात लावला. “सिस्टर, तुम्हाला काय वाटतं ते लिहा ना.”

“मला वाटून काय उपयोग, मॅडम? मी कुठे होते तिथे?”

सगळा वर्ग हसला. कवितेत तर आणखी पंचाईत. एका कवितेतला डोंगर रुसून बसला होता आणि तो रुसलाय हे कुणी तपासलं, अशी सिस्टरची शंका होती. घरी नवऱ्याला आयताच विषय मिळाला. “अगं, त्या चहावाल्या म्हाताऱ्याचं बीपी घेतलंस की नाही?” तो रोज विचारायचा. सिस्टर हसायची, पण परीक्षेचं नाव निघालं की विषय बदलायची.

परीक्षेला दोन महिने असताना मॅडमचे वडील तिच्याच वॉर्डात आले. पक्षाघात झालेला, वाचा गेलेली. कॉलेज सुटलं की मॅडम येऊन त्यांच्या उशाशी बसत. एका सकाळी मॅडम वर्गात शिकवत असतानाच ते गेले. त्यांचं मनगट सिस्टरच्या हातात होतं.

मॅडम धावत आल्या. वडिलांची चादर सारखी करत त्यांनी विचारलं, “शेवटी माझी वाट बघत होते का हो?”

सिस्टरने सगळं पाहिलं होतं. सकाळपासून दार कुरकुरलं की म्हातारा मान वळवायचा. शब्द अगदी ओठांवर आले होते.

“डोळे दाराच्या दिशेला होते,” ती म्हणाली. “अकरा दहाला श्वास थांबला.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीमागच्या कारकुनाला म्हणावं तसं ‘थँक्यू’ म्हटलं. सिस्टर चादरींच्या खोलीत जाऊन रडली. तिला स्वतःचीच चीड आली. ‘हो’ म्हणायला काय जात होतं तिचं?

परीक्षेत नेमका कपाचाच प्रश्न आला. हाताने सवयीने लिहून टाकलं, ‘कारण नोंदलेले नाही.’ सिस्टर त्या वाक्याकडे बघत राहिली. मग तिने ते खोडलं आणि दोन पानं लिहिली. कप तसाच उचलून ठेवला असता तर बायको आज चहाला आली नव्हती हे त्याला कबूल करावं लागलं असतं, असं लिहिलं. तो कुणाला फसवत नव्हता, फक्त एक दिवस पुढे ढकलत होता, असंही लिहिलं. मेट्रनबाईंनी ही पानं पाहिली असती तर तिला वॉर्डाबाहेर काढलं असतं.

निकालात तिच्या नंबरापुढे ‘रद्द’ असं होतं. ऑफिसात कारकुनाने उत्तरपत्रिका उघडून दाखवली. खोडलेल्या वाक्यावर एकच आडवी रेघ, शेजारी सही, वेळ दहा चाळीस. उत्तरपत्रिकेत कुठेही सही किंवा ओळखीची खूण आढळल्यास पेपर रद्द, हे पहिल्याच पानावर ठळक छापलेलं होतं. औषधाचं लेबल तीनदा वाचणाऱ्या सिस्टरने तेही वाचलं होतं. पण सव्वीस वर्षांच्या हाताला कोण सांगणार?

मॅडम प्राचार्यांकडे जाऊन भांडल्या, अर्ज केला. नियम तो नियम. तो सिस्टरला सगळ्यात आधी पटला, हे तिचं दुर्दैव.

अर्जाच्या निमित्ताने मॅडमनी ती दोन पानं वाचली होती. व्हरांड्यात त्यांनी तिला थांबवलं. “सिस्टर, आता तरी सांगा. बाबा माझी वाट बघत होते?”

“हो,” सिस्टर म्हणाली. “सकाळपासून. दार वाजलं की दर वेळी.”

मॅडम बाकावर बसल्या. “मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

परक्या म्हाताऱ्याच्या कपावर दोन पानं भरणारी सिस्टर शेजारी बसली आणि तिने मॅडमचं मनगट हातात घेतलं. संध्याकाळपासून तिला पुन्हा रात्रपाळी होती.