तांबडं झालेलं पाणी

माझ्या नवऱ्याला धबधब्यांचं वेड लागलं ते बोईसरला आल्यावर. आम्ही माणदेशाकडचे. आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं तर माणसं बघायला जायची. इथे रंगाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली आणि मागोमाग धाकट्या भावालाही त्याने तिथेच चिकटवलं. सासूबाईंनी दिराला धाडताना बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर पाठवतेय बघ." बोलल्या थोरल्या लेकाला, पण बघत होत्या माझ्याकडे.

सुट्टीला बाकीची मंडळी केळव्या-माहीमच्या किनाऱ्यावर जायची, कुणी सातपाटीहून सुके बोंबील आणायचं. आमच्या साहेबांना समुद्र नको. म्हणे, खाऱ्या पाण्यात काय अंघोळ करायची. पावसाळा लागला की दोघे भाऊ एसटीने मनोरच्या पुढे जायचे, मनाला येईल त्या फाट्यावर उतरायचे आणि पाण्याचा आवाज येईल तिकडे डोंगर चढायचे. जिथे चार लोक जातात तो धबधबा ह्यांना चालत नसे, कुणाला ठाऊक नसलेलाच हवा. मी चिडायचे. "काय पुरून ठेवलंय तिथे?" विचारायचे. दीर हसायचा. "वहिनी, एकदा चला तरी. पाण्याखाली उभं राहिलं की आठवड्याचा वास जातो अंगाचा."

वासाचं मात्र खरं होतं. दोघांचे कपडे वेगळे भिजत घालायचे तरी माझ्या हातांना तो वास लागायचा, अन् भाकरीलाही. शेवटी एका भाद्रपदात मीही डबा बांधून निघाले.

फाट्यापासून बरंच आत, भातखाचरं संपल्यावर कुडाच्या घरांचा एक पाडा लागला. तिथून वर साग आणि कारवीतून वाट काढत गेलो. मी सबंध वाट कुरकुरत होते. आणि मग कातळाच्या खाचेतून पांढरंशुभ्र पडणारं पाणी समोर आलं. खोटं कशाला सांगू, मी गप्प झाले. इतकं चांगलं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. अंघोळ करून नवरा माझ्याजवळ खडकावर भाकरी खायला बसला. दीर काही बाहेर यायला तयार नव्हता. आमच्या डोक्यावर ऊन होतं. वरच्या डोंगराआड आभाळ काळं झालं होतं, पण ते तिकडचं.

थोड्या वेळाने पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग चांगला तांबडा. पालापाचोळा, काटक्या येऊ लागल्या. आम्ही तिघांनीही ते पाहिलं.

आता आम्ही राहायचो तिथलं सांगते. चाळीमागचा नाला सकाळी निळा असायचा, कारखान्याची पाळी सुटताना गुलाबी. कुठल्या रंगाची टाकी धुतली हे बायका धुणं वाळत घालता घालता सांगायच्या. पाण्याचा रंग बदलला म्हणून हातातलं काम टाकून कुणी उठलंय असं मी कधी पाहिलं नाही.

दीर पाण्याखालून ओरडला, "दादा, वर कुणीतरी टाकी धुतली!" नवरा म्हणाला, "दुसरी पाळी लागली वाटतं." आम्ही दोघं हसलो. तोंडातला घास खाली जायच्या आत पाणी आलं. कसं आलं ते मला अजून सांगता येत नाही. दीर उभा होता तो खडकच दिसेना. नवरा धावला, मी त्याला मागून घट्ट धरून ठेवलं. तो मला शिव्या देत होता.

पाड्यावरची माणसं दोर घेऊन धावत आली. अंधार पडेपर्यंत त्यांनी शोधलं. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने नवऱ्याला विचारलं, "पानी तांबडं झालं तवा दिसलं नाय का तुमाला?"

"दिसलं," तो म्हणाला. म्हातारी पुढचं ऐकायला थांबली.

दुसऱ्या दिवशी खाली नदीच्या वळणावर दीर सापडला. पंचनामा झाला. देह ठेवण्यासारखा नव्हता, पालघरलाच अग्नी दिला. तार उशिरा पोचली. सासूबाई आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं, त्यांना लेकाचं तोंडही दिसलं नाही. त्या रडल्या नाहीत. तेराव्यालाही नाहीत. गावी जाताना एवढंच म्हणाल्या, "मला ती जागा दाखवा."

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन गेलो. वर कातळ कोरडा पडला होता. खाचेतून करंगळीएवढी धार उतरत होती, खालच्या डोहात गुडघाभर पाणी. सासूबाई त्याकडे बघत राहिल्या.

"ह्यात बुडाला?"

मी सांगायला लागले, "आत्याबाई, पावसात हे असं नसतं, मी होते ना इथे." त्यांनी हातानेच मला गप्प केलं. कारखान्यात माणूस गेला की भलतंच कारण सांगतात, हे त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. लेकाकडे वळून त्या म्हणाल्या, "खरं सांग. काय झालं कारखान्यात?"

मला भयंकर राग आला. ज्या पाण्याने माझ्या डोळ्यांदेखत त्याला नेलं, ते आमच्या घरचंच कुणी खरं मानत नव्हतं. नवरा खाली डोहाकडे बघत उभा होता.

"कारखान्यातच गेला, आई," तो म्हणाला.

सासूबाईंनी मान हलवली, आणि धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने रडल्या. नवऱ्याने त्यांना धरून खाली बसवलं. एवढं खोटं बोलल्याबद्दल त्याला फाडून खायला मी तोंड उघडलं, पण टाकी धुतल्याच्या बोलण्यावर आम्ही दोघं हसलो होतो ते आठवलं, आणि तो खोटं बोलला असं मला म्हणता येईना.