पहिलं नाव तिचं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या भिशीत आठ जणी होतो. सगळ्यांचे नवरे सरकारी नोकरीत, आणि त्या वर्षांत सगळ्यांच्या घरी नव्या कंपन्यांचे शेअरचे फॉर्म येऊन पडलेले. दर महिन्याला एकीनं भिशी उचलण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून शेअर घ्यावेत, ही कल्पना माझी. याद्या करायची सवय मला, म्हणून कामही माझ्याकडेच आलं.

भिशीच्या नावावर शेअर घेता येत नसत. ते कुणातरी दोघींच्या नावावर घ्यावे लागत. पत्ता पहिल्या नावाचा, म्हणजे सगळं टपाल तिच्याच घरी. मी आठ जणींची यादी केली आणि प्रत्येकीसमोर लिहिलं, बदली कधी होऊ शकते. सात घरं केव्हाही हलणारी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा नवरा मात्र अशा खात्यात होता, की जिथून दिल्लीबाहेर बदलीच होत नसे. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश होते.

आमचा सर्वांत चांगला शेअर निघाला सिगारेटच्या कंपनीचा. बाकीच्यांतल्या दोन कंपन्यांचा तर पुढे पत्ताच लागेना. दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत सोसायटी उभी राहत होती आणि आमच्यातल्या चौघींनी तिथे घर घ्यायचं धाडस या एका शेअरकडे बघून केलं होतं.

मग मैत्रिणीच्या नवऱ्याला घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेव्हापासून ते मुलीच्या जुन्या पाटीवर लिहून बोलत. डिव्हिडंडचं पाकीट आलं ते पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते फोडलं, चेक पाहिला आणि पाटीवर लिहिलं, ‘वीस वर्षं ओढल्या. थोडे परत आले.’ मग ते हसले, आवाजाशिवाय. हे तिनं मला जिन्यात सांगितलं.

“मला ते पाकीट घरात नको,” ती म्हणाली. “ते शेअर विकून टाक. नाहीतर मला मोकळी कर.”

विकायचं तर सगळ्यांना विचारायचं, हा नियम मीच केलेला. रविवारी दुपारी माझ्याकडे जमलो. ती आली नाही.

“आपण विकले म्हणून कारखाना बंद होणारे का?” आमच्यातली नागपूरची म्हणाली. “दुसरा कोणी घेईल आणि मजा करेल.”

“तुझा नवरा रोज पानवाल्यापाशी उभा असतो, ते कोण बघणार?” कुणीतरी टोमणा मारला.

“म्हणूनच म्हणते ना यार, थोडं तरी घरात परत येऊ दे!”

सगळ्या हसल्या. तीच गोष्ट, पण इथे हसण्यासारखी. मीही हसले.

“तिचं दुःख मोठं आहे गं,” आमच्यातल्या सर्वांत वडील बाई म्हणाल्या, “पण हप्ता दिवाळीआधी भरायचाय.”

विकायचे नाहीत, पाच विरुद्ध दोन. पाचांतला एक हात माझा होता.

मग मी तोडगा काढला. पत्ता बदलून माझा द्यायचा. अर्ज टाइप करून दुसऱ्या दिवशी खाली गेले. तिनं तो दोनदा वाचला.

“म्हणजे पाकीट तुझ्याकडे येणार.”

“हो. तुला दिसणारसुद्धा नाही.”

“आणि त्यावर नाव?”

“नाव तुझंच राहील. ते बदलायचं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

आतून तिच्या नवऱ्यानं हात पुढे केला. कागद वाचला, पाटी पुसली आणि लिहिलं, ‘वहिनी, सोय छान केलीत.’ त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. तिनं सही केली.

तो अर्ज चार दिवस माझ्या पर्समध्ये राहिला. ऑफिसच्या बसथांब्यापाशीच टपालपेटी होती. मी रोज दोनदा तिच्यासमोरून जायचे, पर्स उघडायचे, बंद करायचे. घरी स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. पाचव्या दिवशी मी दलालाकडून विक्रीचा फॉर्म आणला आणि थेट खाली गेले.

“हा कसला?”

“विक्रीचा.”

“सगळ्या हो म्हणाल्या?”

“नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. तिच्याखाली मी केली.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. पहिल्यांदा नागपूरचीच बोलली. “नियम तुमचाच होता ना, खजिनदारबाई?”

“माझाच.”

“मग?”

मी वही उघडून आठ जणींचे वाटे वाचून दाखवले. दोघींनी आपला वाटा मागून घेतला आणि भिशी सोडली. आमचा द्वारकेचा हप्ता चुकला, दंड भरावा लागला, आणि घरात बरेच दिवस त्याची बोलणी मी ऐकली. मैत्रिणीनं तिचा वाटा घेतला, “औषधांना होतील,” म्हणाली. आभार मानले नाहीत. मला ते बरं वाटलं.

आम्ही सह्या केल्या तेव्हा फॉर्मवरची घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. तशीच पद्धत होती तेव्हा. तिथे नंतर कुणाचं नाव पडलं, कुठल्या घरी टपाल जाऊ लागलं, मला कधीच कळलं नाही. आता द्वारकेत राहते. खाली टपालाच्या पेट्यांची रांग आहे. तिथून जाताना मी उगाचच एकेक नाव वाचत जाते आणि त्या घरात कोण ओढत असेल याचा अंदाज करते.